वंशीचं दुकान

युवराजने पहिल्याच दिवशी तिला ताई म्हटलं, आणि त्रिवेणीने पहिल्याच दिवशी त्याला मूळ गाव विचारलं.

हैदराबादेतल्या मराठी माणसांत ओळख अशीच सुरू होते. तो म्हणाला, उदगीरकडचा. तिचं आजोळ उदगीरलाच. मग आडनाव, मग कोण कोणाच्या सोयऱ्यात, मग एक लांबचा मामा दोघांच्याही ओळखीचा निघाला आणि चौकशी संपली. संध्याकाळी तिने आईला सांगितलं, "आई, त्या खेळाच्या कंपनीत एक आपलाच पोरगा आहे." तारामतीबाई शेंगा फोडत होत्या. त्यांना खेळ कळत नव्हता, कंपनी कळत नव्हती. 'आपलाच' तेवढं कळलं. म्हणाल्या, "मग एकदा जेवायला बोलाव की त्याला."

खेळाचं नाव 'कमान'. मोबाइलवर एक कल्पनेतलं जुनं शहर, त्यात गल्ल्या, गल्लीच्या तोंडाशी कमानी, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाला एक छोटं दुकान. सकाळी बोटाने शटर वर ढकलायचं, पायरीवर पाणी शिंपडायचं, माल मांडायचा, शेजाऱ्याच्या शटरवर टकटक करून त्याला जागं करायचं. जिंकणं-हरणं फारसं नाही. माधापूरच्या एका लहानशा कंपनीने तो बनवला होता आणि गावाने डोक्यावर घेतला होता, कारण त्या गल्ल्यांत प्रत्येकाला आपापला सुलतान बाजार दिसे. एक नियम मात्र कडक होता. दुकान बरेच दिवस उघडलं नाही, तर ते जायचं आणि दुसऱ्याला मिळायचं.

खेळणाऱ्यांचा अड्डा डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर. तिथे दक्खिनी, तेलुगू आणि इंग्रजी यांची एकच खिचडी चालायची आणि त्रिवेणी तिथली मॉडरेटर होती. म्हणजे हौसेची मुकादम. भांडणं सोडवायची, शिव्या पुसायच्या, लोकांच्या तक्रारी कंपनीपर्यंत, म्हणजे युवराजपर्यंत, आणि कंपनीची उत्तरं लोकांपर्यंत न्यायची. कंपनीचं उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, 'कमिंग सून'. त्यावर अफझलगंजचा अझहर हमखास लिहायचा, "कमिंग सून सुन सुन के दाढ़ी पक गई, आपा. इनकू बोलो, हमारी मय्यत से पैले गल्ली में एक नल तो लगा दो." लोक हसायचे आणि राग उतरायचा. नळ काही यायचा नाही.

दिवसा त्रिवेणी काचीगुड्यात एका वकिलांच्या ऑफिसात काम करायची. कोणाचा घटस्फोट, कोणाची वाटणी, कोणत्या भावाने कोणत्या बहिणीला काय म्हटलं, सगळं तिच्या हातून टाइप होऊन जायचं. घरी आईने कितीही खोदून विचारलं तरी ती पक्षकाराचं नाव काढत नसे. वकीलसाहेब नव्या माणसांना तिचा दाखला द्यायचे. अड्ड्यावरच्या लोकांनाही हे कसं कोण जाणे उमगलं होतं. जे चारचौघांत लिहवत नाही ते लोक तिला वेगळं लिहीत.

अझहरने असंच लिहिलं होतं. अड्ड्यावर आठवड्यातून एकदा सगळे आवाजी गप्पांना जमायचे, तेव्हा तो कधीच यायचा नाही. लिहिताना एवढा तोंडाळ माणूस बोलायला का येत नाही, म्हणून लोक त्याला नवाब म्हणू लागले होते. त्याने तिला सांगितलं, आपा, मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. इथे कुणाला माहीत नाही, म्हणून तर इथे मजा येते.

आणि श्रावणीने तिला वंशीबद्दल सांगितलं होतं.

श्रावणी दिलसुखनगरची, फार्मसीचं शिकणारी. वंशी तिचा भाऊ. 'कमान'मध्ये त्याने किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान घेतलं होतं. त्या शहरात कुठल्याच दुकानाला कुलूप नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक येण्याचा प्रश्नच नव्हता, तो मुद्दाम तोच धंदा निवडून रोज कंपनीला छळायचा, "सार, एक तरी कुलूप द्या." अड्ड्यावर त्याचा हा विनोद सगळ्यांना पाठ होता. मग एके दिवशी त्याची बाइक नागार्जुनसागरच्या रस्त्यावर घसरली, त्यातच तो गेला. अड्ड्यावर कुणाला कळलं नाही, कारण किल्ल्यांचं दुकान दुसऱ्या आठवड्यातही उघडलं आणि नंतरही उघडत राहिलं. श्रावणी भावाचा फोन चार्ज करून ठेवायची. सकाळी घरचे आपापल्या कामात असताना त्याचं शटर वर करायची, किल्ल्यांचे जुडगे फळीवर टांगायची, मग स्वतःचं समोरचं फुलांचं दुकान उघडायची. तिने त्रिवेणीला लिहिलं, "अक्का, अम्माला माहीत नाही. तिला वाटतं फोन कपाटात आहे."

दुसऱ्याचं खातं चालवणं हे नियमात बसत नव्हतं. त्रिवेणीने उत्तर दिलं, "मला तू काही सांगितलेलं नाहीस." त्यानंतर रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी ती त्या गल्लीत जाऊन किल्ल्यांच्या शटरवर एकदा टकटक करायची.

मग कंपनीने जाहीर केलं की साफसफाई होणार. एकाच घरातून दोन-दोन खाती चालवणाऱ्यांची जादा खाती बंद, त्यांची दुकानं नव्या लोकांना. श्रावणीचा निरोप आला. त्यात शब्द नव्हते, नुसतं ते जाहीर निवेदन होतं.

त्रिवेणीने युवराजला फोन लावला.

आता, युवराजशी तिचं बोलणं मराठीतच असायचं. त्याला देवनागरी वाचायला वेळ लागे, म्हणून लिहिताना इंग्रजी अक्षरांत मराठी, नाहीतर सरळ फोन. तिच्या लेखी इंग्रजीत बोललं जातं ते ऑफिसचं, दक्खिनीत बोललं जातं ते रस्त्यावरचं आणि मराठीत बोललं जातं ते घरातलं. ही वाटणी तिला कुणी शिकवली नव्हती. तिच्या वडिलांची तशीच होती, शेजारच्या कुलकर्ण्यांची तशीच होती. बाहेर दहा माणसांत काही खाजगी बोलायचं झालं की ही माणसं आवाज खाली न करता नुसती मराठीवर येतात. वर्षभरात ती युवराजशी कितीतरी बोलली होती. अझहर मनाचा वाईट नाही, त्याला असं असं आहे, म्हणून त्याच्यावर चिडू नका. आईचे गुडघे गेलेत, म्हणून मी दोन दिवस अड्ड्यावर नसेन. तो ऐकायचा, मध्ये मध्ये "हौ ताई" म्हणायचा.

"युवराज, एक दुकान आहे," ती म्हणाली. "त्याला हात लागता कामा नये. का ते सांगते, पण हे आपल्यातच राहू दे."

"आपल्यातच ताई. बोला ना."

तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माय गं. तुम्ही काळजी करू नका. ते दुकान जाणार नाही. मी बघतो."

साफसफाई झाली आणि कितीतरी दुकानं गेली. किल्ल्यांचं राहिलं. श्रावणीने त्रिवेणीला हात जोडलेलं एक चित्र पाठवलं. त्या रविवारी तारामतीबाई पुन्हा म्हणाल्या, "आगं, त्या आपल्या युवराजला आण की एकदा. सारखं फोनवरच काय?"

जेवायला काही तो आला नाही, पण कंपनीने माधापूरला खेळणाऱ्यांचा मेळावा ठेवला. रविवारी दुपारी. तारामतीबाईंनी सकाळीच उठून धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात भरली. झाकणावर हिम्मतरावांचं नाव कोरलेलं होतं. "डबा आठवणीने परत आण," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा आहे."

त्रिवेणी मेट्रो बदलून माधापूरला पोचली. दारातच एक काळासावळा, कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा पुढे आला आणि खाली वाकून तिच्या पाया पडला. "ताई, मी युवराज." तिला एकदम भरून आलं. तिने डबा त्याच्या हातात दिला.

हॉलमध्ये गर्दी होती. श्रावणी तिच्या शेजारी येऊन बसली, केसांत गजरा, हातात रुमालाची गुंडाळी. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होत्या, तरी श्रावणीने तिचा दंड असा धरला की जणू गर्दीत हरवेल. पलीकडच्या रांगेत एक धिप्पाड, दाढीवाला माणूस बसला होता. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. अझहर.

कंपनीचे मालक प्रणीत सर टेबलाटेबलाशी जाऊन बोलत होते. तरुण, हसतमुख, प्रत्येकाला नावाने ओळखणारे. त्रिवेणीपाशी येऊन म्हणाले, "त्रिवेणी गारू! तुमच्याशिवाय आमचं काय झालं असतं? आईचे गुडघे कसे आहेत आता? आणि ती चटणी, युवराज म्हणाला होता ती, आम्ही आत्ताच उडवली." श्रावणी कौतुकाने तिच्याकडे बघायला लागली. त्रिवेणीलाही बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, आईचे गुडघे लक्षात ठेवतो.

मग जुन्या खेळाडूंनी दोन-दोन शब्द बोलायचे होते. माइक रांगेतून फिरत अझहरकडे गेला. त्याने मान हलवून तो पुढे द्यायला हात वर केला, तेवढ्यात स्टेजवरून प्रणीत सर म्हणाले, "अझहर भाई, बोलने का कोई टेन्शन नक्को. हमकू मालूम है ना, आपकू बोलने में थोड़ी तकलीफ है. आप लिख के दीजिए, मैं पढ़ता. हमारे यहाँ सबके लिए जगह है!"

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, म्हणूनच त्या जास्त वेळ चालल्या. अझहरचे कान लाल झाले. त्याने सरांकडे पाहिलं नाही. त्याने वळून त्रिवेणीकडे पाहिलं.

त्याने आणखी कुणाला सांगितलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण आईचे गुडघे तिने कंपनीत एकालाच सांगितले होते. तिने युवराजला शोधलं. तो भिंतीशी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दिवे मंदावले आणि पडद्यावर ओळखीची गल्ली आली. फुलांच्या दुकानासमोर कॅमेरा थांबला आणि हळूच वळला. किल्ल्यांचं दुकान. पण पत्र्याचं शटर नव्हतं. त्या जागी पांढरा दगडी दरवाजा होता, वर सोनेरी किल्ली, कडेला आपोआप टांगले जाणारे जुडगे, आणि खाली तेलुगूत आणि इंग्रजीत वंशीचं नाव.

"एक बहीण," प्रणीत सर सांगू लागले, आणि त्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता, "रोज सकाळी भावाचा फोन चार्ज करते..."

शेजारी श्रावणीचा हात सुटला. त्रिवेणीने तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. लोकांनी मोबाइल वर धरले होते. कुणी पडदा टिपत होतं, कुणी वळून श्रावणीला. मागून कुणीतरी तेलुगूत म्हणालं, कंपनी असावी तर अशी. सर सांगत होते की हे स्मारक आता कायमचं, ही चित्रफीत आत्ता या क्षणी सगळीकडे प्रसिद्ध झाली आहे, आणि वंशी आता प्रत्येकाचा भाऊ आहे.

दिवे लागले. श्रावणी रडत नव्हती. तिने अगदी शांतपणे, शाळेतल्या मुलीने शंका विचारावी तसं विचारलं, "अक्का, उद्या सकाळी मला उघडता येईल ना ते?"

त्रिवेणी उठली आणि युवराजकडे गेली. तो तिला बघून हसला. "ताई, कसं वाटलं?"

"तिला उद्या दुकान उघडता येईल का?"

"उघडायची गरजच नाही आता, ताई. खातं बंद केलंय ना, ते आता स्मारक आहे. कुणी लावायचं नाही, कुणी उघडायचं नाही. म्हणून तर सेफ आहे. कायमचं!"

"कुणी सांगितलं होतं हे करायला?"

त्याचं हसू जरा ओसरलं. "ताई, बाहेर येता का? इथं सगळे बघायलेत."

बाहेरच्या बोळात चहाचं मशीन होतं. त्याने सवयीने तिच्यासाठी कप भरला. तिने तो घेतला नाही.

"तुला मी एकच सांगितलं होतं, हात लावू नका. कुणाचं दुकान, का उघडतात, हे सरांना कशाला?"

"विचारतात ना ते. दर शुक्रवारी मीटिंग असते, ताई. लोक काय बोलायलेत, कोण नाराज आहे, कोणाला काय दुखतंय. माझं कामच ते आहे. मी सांगितलं म्हणून तर वाचलं ते दुकान."

"माझ्या आईचे गुडघे पण शुक्रवारच्या मीटिंगमध्ये?"

त्याने तो कप मशीनवर ठेवला.

"तू म्हणाला होतास, आपल्यातच."

"हौ, म्हणालो होतो. पण ताई, सर काही परके आहेत का? कुणाचं वाईट केलं त्यांनी? बघा ना आत, लोक रडायलेत."

"मी तुला मराठीत सांगितलं होतं, युवराज."

त्याला खरंच कळलं नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं आणि तेच तिला सहन होईना. तो म्हणाला, "मी त्यांना इंग्रजीत करून सांगितलं, ताई. त्यांना कुठं मराठी येतं?"

तिने विचारलं, "उदगीर तरी खरं आहे का?"

"शप्पथ, ताई! गाव खरं आहे, मामा खरा आहे. सरांनीच तर म्हटलं होतं, त्या बाई मराठी आहेत, तू पण मराठी, तूच बोलत जा त्यांच्याशी." तो घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे सुरुवातीला. नंतर मी तुम्हाला मोठ्या बहिणीसारखंच मानलं. खरं सांगतो."

तो खोटं बोलत असता तर तिला सोपं गेलं असतं.

ती आत आली तेव्हा श्रावणीची खुर्ची रिकामी होती. दाराशी अझहर चपला घालत होता. तिने त्याला थांबवलं. म्हणाली, "अझहरभाई, उनो लोगां ऐसा करेंगे, मेरेकू नहीं मालूम था."

अझहर सरळ उभा राहिला. त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. तो बारीक होता, एवढ्या देहाला न शोभणारा. "आ... आपा, कंपनी से क्या गि... गिला." शब्द सुटेपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले. "हम तु... तुमकू बोले थे."

आणि तो जिना उतरून गेला.

त्या आठवड्यात चित्रफीत गावभर फिरली. अड्ड्यावर नवी माणसं लोंढ्याने आली आणि प्रत्येक जण येऊन त्या दगडी दरवाजाशी फूल ठेवून जाऊ लागला. कंपनीला मन आहे, असं लोक लिहीत होते. त्रिवेणीने युवराजला, मग सरांना कळवून पाहिलं की हे काढा, साधं शटर परत लावा, त्या मुलीला तिची सकाळ परत द्या. सरांचं उत्तर लगेच आलं आणि फार गोड होतं: भावना समजतात, पण आता ते स्मारक सगळ्या परिवाराचं झालं आहे. अड्ड्यावर उघड लिहावं, तर काय लिहिणार? लिहायचं म्हटलं तर श्रावणीच्या घरातलं उरलंसुरलंही चव्हाट्यावर आणावं लागणार होतं. ज्या गोष्टीने घात झाला तीच पुन्हा करायची. तिने लिहिलं नाही. अझहरचा नळाचा विनोद बंद झाला होता. कुणीतरी एकदा विचारलं, नवाबसाहेब कुठे गेले?

श्रावणीला तिने दोनदा निरोप पाठवला. पहिल्या निरोपात तिने कारणं दिली होती. दुसऱ्यात कारणं नव्हती. त्याला उत्तर आलं.

"अक्का, अम्माने व्हिडिओ पाहिला. तिने फोन कपाटातून काढून मामाकडे ठेवायला दिला. मी सकाळी माझ्या फोनवरून बघते. किल्ल्या आता आपोआप टांगल्या जातात."

त्यानंतर श्रावणीचं नाव अड्ड्याच्या यादीतून गेलं. समोरचं फुलांचं दुकान काही दिवस बंद दिसलं. एका सकाळी त्रिवेणी गल्लीत गेली तेव्हा तिथे कुणी नवख्याने सरबताची गाडी लावली होती. तिने वळून दगडी दरवाजावर बोट टेकवलं. पूर्वी टकटक व्हायची. आता एक फूल पडलं आणि कोपऱ्यातला आकडा एकाने वाढला.

ऑफिसला निघायची वेळ झाली होती. ती चपला घालत असताना मोबाइल वाजला. युवराज. इंग्रजी अक्षरांत, मराठीतच.

"ताई, तुमचा डबा ऑफिसातच राहिलाय. बाबांचं नाव आहे त्याच्यावर, म्हणून जपून ठेवलाय. रविवारी घरी आणून देऊ का? आईंना पण भेटतो. आणि ताई, अड्ड्यावर वातावरण कसं आहे सध्या? श्रावणी काही बोलली का?"

तिने तो निरोप पुन्हा वाचला. डब्यापासून प्रश्नापर्यंत येताना कुठे सांधा आहे ते ती शोधत होती. सांधा नव्हता. त्याच्यासाठी ते एकच वाक्य होतं.

तिने उत्तर इंग्रजीत लिहिलं, वकीलसाहेबांच्या ऑफिसातून जातं तसं. माननीय महोदय. डबा आपल्या स्वागतकक्षात ठेवावा, कंपनीच्या वेळेत येऊन घेऊन जाईन. मॉडरेटर म्हणून माझं काम आजपासून संपलं. खेळाडूंविषयी काही विचारायचं असल्यास खेळाडूंनाच विचारावं. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

पलीकडे तो लिहू लागल्याची खूण दिसली, थांबली, पुन्हा दिसली. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

आतून तारामतीबाईंनी विचारलं, "कोणाचा गं मेसेज? आपल्या युवराजचा का?"

"नाही," त्रिवेणी म्हणाली, आणि दार ओढून घेतलं. "कंपनीचा."